पाटीवर ‘ड्रामा थेरपी’: एका बालगृहातल्या नाट्यउपक्रमाचं प्रकरण

हे प्रकरण पश्चिम महाराष्ट्रातल्या एका जिल्ह्याच्या गावी असलेल्या मुलींच्या बालगृहातलं आहे. संस्था, माणसं आणि मुली ओळखू येऊ नयेत म्हणून तपशील बदलले आहेत. घटनांचा क्रम आणि घेतलेले निर्णय तसेच ठेवले आहेत.

पार्श्वभूमी

बाल न्याय अधिनियम, २०१५ खाली नोंदणी असलेल्या या बालगृहात तेव्हा १० ते १७ वयाच्या ३८ मुली राहत होत्या. सगळ्याच बाल कल्याण समितीच्या (संरक्षणाची गरज असलेल्या मुलांबाबत निर्णय घेणारी जिल्ह्याची कायदेशीर समिती) आदेशाने आलेल्या. कुणी लग्नाच्या मांडवातून सोडवून आणलेली, कुणाचे आईवडील ऊसतोडीला गेलेले आणि मागे सांभाळणारं कुणी नाही, तर सहा-सात जणींच्या पोक्सोच्या (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा) केसेस कोर्टात चालू. एक अधीक्षिका, दोन गृहमाता आणि आठवड्यातून दोन दिवस येणाऱ्या समुपदेशक ताई एवढ्यांवर घर चालत होतं.

एका कंपनीच्या सीएसआर (सामाजिक जबाबदारीच्या) निधीतून वर्षभराचा नाट्यउपक्रम मंजूर झाला. मूळ प्रस्तावात ‘नाट्यशिबिर’ असा शब्द होता. कंपनीचं ‘कला’ हे सदर त्या वर्षी भरलं होतं आणि ‘आरोग्य’ या सदरात पैसे शिल्लक होते. म्हणून प्रस्ताव लिहिणाऱ्याने एका दुपारी ‘नाट्यशिबिर’ खोडून ‘ड्रामा थेरपी’, म्हणजे नाट्यातून केला जाणारा मानसोपचार, असं लिहिलं. कामाचं स्वरूप, माणूस, अंदाजपत्रक, यातलं काहीही बदललं नाही. पुढचा सगळा गुंता या एका दुरुस्तीतून निघाला.

नेमलेले सर पंधरा वर्षं बालनाट्य करत होते. राज्य नाट्य स्पर्धेत त्यांची नाटकं झालेली, मुलांशी बोलण्याची हातोटी उत्तम. त्यांच्याकडे ड्रामा थेरपीच्या पाच दिवसांच्या कोर्सचं प्रमाणपत्र होतं आणि त्यावर एका परदेशी संघटनेचं बोधचिन्ह होतं. त्यांनी कुणालाही फसवलं नाही, हे सुरुवातीलाच सांगायला हवं. प्रमाणपत्रावर जे छापलं होतं त्यावर त्यांचा विश्वास होता, आणि संस्थेचा सरांवर.

पहिली पाच सत्रं छान झाली. ३८ जणी एकाच हॉलमध्ये, आवाजाचे खेळ, आरशाचा खेळ, मूकनाट्य. एरवी जेवायलाही न उठणाऱ्या दोघी-तिघी हसू लागल्याची नोंद गृहमातांनी वहीत केली आहे.

सहावं सत्र

सहाव्या सत्रात सरांनी सांगितलं, “आपल्या आयुष्यातला असा एक प्रसंग करून दाखवा, जो बदलायला आवडेल.” तेरा वर्षांची एक मुलगी लगेच उठली. तिने आईच्या भूमिकेसाठी एक मैत्रीण निवडली, ‘काका’च्या भूमिकेसाठी दुसरी. प्रसंग चार-पाच मिनिटांचा झाला. बघणाऱ्यांत दोघी रडायला लागल्या. तेवढ्यात जेवणाची घंटा झाली आणि सत्र तिथेच संपलं.

त्यानंतरच्या तीन दिवसांत तीन गोष्टी घडल्या. प्रसंग करणारी मुलगी रात्री झोपेना आणि तिने अंथरूण ओलं केलं. ‘काका’ झालेल्या मुलीला बाकीच्या मुली ‘काका’ म्हणून हाका मारू लागल्या. तिने जेवायला त्यांच्या पंगतीत बसणं सोडलं. आणि सरांनी अधीक्षिकांना सुचवलं, की प्रसंग इतका खरा उतरला आहे तर दोन महिन्यांवर आलेल्या स्नेहसंमेलनात तो घ्यावा. कंपनीचे अधिकारी आणि स्थानिक पत्रकार येणारच होते. मुलींची ना नव्हती, उलट उत्साह होता.

नाट्याच्या अंगाने पाहिलं तर इथे काय चुकलं ते नेमकं सांगता येतं. अमेरिकन ड्रामा थेरपिस्ट रॉबर्ट लँडी यांनी ड्रामा थेरपीत ‘अंतर’ ही कल्पना मांडली. भूमिका आणि माणूस यांच्यात फार अंतर राहिलं तर काहीच हलत नाही. फार कमी राहिलं तर माणूस प्रसंगात बुडतो. स्वतःचीच गोष्ट, स्वतःच्याच नावाने, ३७ जणींसमोर करणं म्हणजे अंतर जवळपास शून्य. सहा सत्रांच्या ओळखीवर, इतक्या मोठ्या गटात, हे कुणीही प्रशिक्षित थेरपिस्ट करणार नाही. दुसरं, भूमिकेतून बाहेर आणण्याचं काम झालंच नाही. व्यावसायिक नटाला ही उतरण सवयीने जमते: मेकअप पुसतो, कपडे बदलतो, चहा पितो, घरी जातो. या मुलींना घरी जायचं नव्हतं. ज्या हॉलमध्ये ‘काका’ झाला त्याच हॉलमध्ये रात्री गाद्या पडत होत्या.

पहिला निर्णय: नाटकात बोललेलं कळवायचं का?

प्रसंगात एक जास्तीचा माणूस होता. मुलीच्या एफआयआरमध्ये एकाचं नाव होतं. तिने दाखवलेल्या प्रसंगात दारापाशी उभा असलेला दुसरा कुणीतरी आला. समुपदेशक ताईंच्या हे लक्षात आलं. सरांचं म्हणणं होतं की नाटकात माणूस काहीही जोडतो, ते सत्य मानता येत नाही.

त्यांचं म्हणणं नाट्याबद्दल खरं आहे. कायदा मात्र वेगळाच प्रश्न विचारतो. पोक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे गुन्हा झाल्याची माहिती किंवा होण्याची भीती असलेल्या प्रत्येकाने ती विशेष बाल पोलीस पथकाला किंवा स्थानिक पोलिसांना कळवायची असते. न कळवल्यास कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. खरं-खोटं ठरवणं संस्थेचं काम नाही. अधीक्षिकांनी मुलीला एकही प्रश्न विचारायचा नाही असं ठरवलं, आणि हा या प्रकरणातला सर्वांत चांगला निर्णय होता. सत्राला हजर असलेल्या गृहमातेने जे पाहिलं-ऐकलं ते मुलीच्या शब्दांत, तारीख-वेळ आणि हजर असलेल्यांच्या नावांसह एका पानावर लिहिलं. ‘मला असं वाटलं’ असलं एकही वाक्य त्यात ठेवलं नाही. ते पान त्याच दिवशी पोलिसांकडे आणि बाल कल्याण समितीकडे गेलं.

या निमित्ताने दुसरी बाब पुढे आली, जी बालगृहांत सहसा कुणाच्या डोक्यात येत नाही. मुलीची कोर्टातली साक्ष अजून झालेली नव्हती. सरकारी वकिलांनी सांगितलं, की साक्षीआधी तोच प्रसंग गटासमोर करून घेतला, त्यात कुणी ‘असं कर, तसं बोल’ अशा सूचना दिल्या, तर उलटतपासणीत बचावपक्ष म्हणेल की साक्ष शिकवलेली आहे. दिग्दर्शकाच्या साध्या सूचना इथे घातक ठरतात. साक्ष बाकी असलेल्या कोणत्याही मुलीकडून तिच्या घटनेचं नाट्यरूप घ्यायचं नाही, हा नियम त्या दिवशी झाला.

कागद तपासले तेव्हा

व्यवस्थापन समितीच्या बैठकीत प्रश्न निघाला: ‘ड्रामा थेरपिस्ट’ म्हणवून घेण्याचा अधिकार कुणाला? समितीला आठवडा लागला, कारण उत्तर देशागणिक बदलतं.

ब्रिटनमध्ये ते सरळ आहे. तिथे ‘ड्रामाथेरपिस्ट’ हे कायद्याने राखलेलं पदनाम आहे. एचसीपीसी या आरोग्य व काळजी व्यवसायांच्या नियामक संस्थेच्या नोंदवहीत नाव असल्याशिवाय ते वापरणं गुन्हा आहे. नोंदणीसाठी पदव्युत्तर पातळीचा मान्य अभ्यासक्रम लागतो, नोंदणीचं दर दोन वर्षांनी नूतनीकरण होतं, आणि त्या वेळी नोंदणी असलेल्यांपैकी २.५ टक्के जणांची चिठ्ठी काढावी तशी निवड करून त्यांनी आधीच्या दोन वर्षांत काय नवीन शिकलं याचे पुरावे मागवतात. नोंदवही इंटरनेटवर कुणालाही फुकट पाहता येते. ब्रिटिश असोसिएशन ऑफ ड्रामाथेरपिस्ट्स ही निराळी संस्था आहे. ती व्यावसायिकांची संघटना आहे, नियामक नाही.

अमेरिकेतली नॉर्थ अमेरिकन ड्रामा थेरपी असोसिएशन १९७९ मध्ये वेगळ्या नावाने सुरू झाली. ती ‘आरडीटी’ म्हणजे नोंदणीकृत ड्रामा थेरपिस्ट हा दर्जा देते. त्यासाठी पदव्युत्तर शिक्षण, रंगभूमीचा अनुभव आणि देखरेखीखालच्या कामाचे शेकडो तास लागतात. पण हा दर्जा संघटना देते, सरकार नाही. सरकारी परवाना राज्यानुसार बदलतो. न्यूयॉर्कमध्ये सर्जनशील कला थेरपिस्टांसाठी स्वतंत्र परवाना आहे.

भारतात? समितीने तीन कायदे उघडून पाहिले. भारतीय पुनर्वास परिषद अधिनियम, १९९२ खाली १६ प्रकारचे व्यावसायिक नोंदले जातात. त्यांत क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहेत, ड्रामा थेरपिस्ट नाहीत. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ मध्ये राज्य प्राधिकरणाने क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, मानसिक आरोग्य परिचारिका आणि मनोरुग्ण सामाजिक कार्यकर्ते यांची नोंद करायची आहे. तिथेही नाट्याचा उल्लेख नाही. २०२१ च्या राष्ट्रीय संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायद्याच्या अनुसूचीत हालचालीवर आधारित उपचार करणाऱ्यांची एक ओळ आहे आणि त्यात कला, नृत्य व मनोरंजन उपचारक येतात. ‘नाट्य’ हा शब्द त्या ओळीत नाही.

म्हणजे आपल्याकडे पाच दिवसांचा कोर्स केलेला माणूस पाटी लावू शकतो आणि तीन वर्षं शिकून आलेलाही तीच पाटी लावतो. कायदा दोघांत फरक करत नाही. तो फरक कामाला बोलावणाऱ्याला करावा लागतो.

सरांच्या प्रमाणपत्रावरच्या बोधचिन्हाचा उलगडाही झाला. कोर्स घेणारी व्यक्ती त्या परदेशी संघटनेची वर्गणीदार सदस्य होती. संघटनेने कोर्सला मान्यता दिलेली नव्हती. व्यक्तीचं सदस्यत्व, कोर्सची मान्यता आणि शिकणाऱ्याची नोंदणी या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत, आणि छापील बोधचिन्ह त्या तिन्हींची सरमिसळ करतं. समितीने पुढच्यांसाठी जे प्रश्न लिहून ठेवले ते असे: नोंदणी क्रमांक काय? तो देणारी संस्था नियामक की संघटना? तिच्या यादीत आज नाव दिसतं का, आणि नोंदणी चालू आहे का? शिकताना देखरेखीखाली प्रत्यक्ष किती तास काम केलं, आणि कुणासोबत: मुलं, व्यसनी रुग्ण, वृद्ध? स्वतः थेरपी घेतली आहे का? (ब्रिटनमधल्या अभ्यासक्रमांत विद्यार्थ्याने स्वतः थेरपी घेणं हा शिक्षणाचाच भाग असतो.) सध्याचे सुपरवायझर (थेरपिस्टच्या कामावर नियमित देखरेख ठेवणारे अनुभवी थेरपिस्ट) कोण, आणि त्यांचं पत्र मिळेल का? शेवटचा प्रश्न सर्वांत उपयोगी ठरतो. ज्यांना सुपरवायझर नाही, ते तिथेच अडखळतात.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय, सगळं बंद करायचं. दोन सदस्यांचा आग्रह होता. पण मुलींना पहिल्यांदाच कशात तरी रस वाटला होता, आणि ज्या मुलीमुळे बंद पडलं तिच्यावर रोष गेला असता.

दुसरा, तेच सर, तेच काम, फक्त नाव बदलून ‘नाट्यकार्यशाळा’. हा सोपा होता. पण नुसत्या नावाने सहावं सत्र टळलं नसतं. नाव बदलायचं तर काय करायचं नाही हेही लिहायला लागणार होतं.

तिसरा, परदेशात नोंदणी झालेली ड्रामा थेरपिस्ट बोलवायची. पुण्या-मुंबईकडे चौकशी केली तेव्हा दोघींशी बोलणं झालं. दोघी चांगल्या होत्या, पण आठवड्याला इतक्या लांब येणं शक्य नव्हतं, आणि एकीला मराठी समजत असली तरी बोलता येत नव्हती. नाट्यात भाषा हे फक्त माध्यम नसतं. या घरातल्या मुली चिडल्या की गावाकडच्या बोलीत बोलत, सरांसमोर प्रमाण भाषेत. बोली कळली नाही तर अर्धं काम हातून सुटतं.

चौथा पर्याय जोडीने काम करण्याचा होता: पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेल्या क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट मॅडम आणि सर एकत्र, आणि दोघांना महिन्यातून दोनदा ऑनलाइन सुपरव्हिजन, वरच्याच दोघींपैकी एकीकडून. मराठी-इंग्रजीची अडचण तिथेही राहणार होती, पण मुलींसमोर नाही.

समितीने दुसरा आणि चौथा मिळवून निवडले. सगळ्या मुलींसाठी सरांची नाट्यकार्यशाळा, आखून दिलेल्या मर्यादेत. निवडक मुलींसाठी जोडीने घेतलेला छोटा गट. त्या गटाला कागदावर ‘नाट्याधारित मनोसामाजिक गट’ म्हटलं. जोडीतल्या एकाकडेही ड्रामा थेरपीचं पूर्ण शिक्षण नव्हतं, म्हणून ‘थेरपी’ हा शब्द सुपरवायझर बाईंनीच नाकारला.

प्रत्यक्षात काय केलं

पैशांचा प्रश्न आधी सोडवावा लागला. सुपरव्हिजनची तरतूद मूळ अंदाजपत्रकात नव्हती. अशा प्रस्तावांत ती जवळजवळ कधीच नसते. स्नेहसंमेलनाचं सभागृह, वेशभूषा आणि व्हिडिओ शूटिंग यांची रक्कम तिकडे वळवली. कंपनीला लेखी कळवलं, की मुलींच्या कहाण्यांचा प्रयोग होणार नाही आणि फोटो मिळणार नाहीत. बाल न्याय अधिनियमाच्या कलम ७४ प्रमाणे मुलाची ओळख उघड होईल असं काहीही प्रसिद्ध करता येत नाही, हे कारण दिलं. कंपनीने ते मान्य केलं. त्यांना कळवायला आपण उशीर केला, असं अधीक्षिकांना नंतर वाटत राहिलं.

सरांच्या कार्यशाळेची मर्यादा तीन वाक्यांत लिहिली. स्वतःच्या आयुष्यातला प्रसंग करायला सांगायचा नाही. कुणी स्वतःहून सुरू केला तर हळूच गोष्टीकडे वळवायचं, ‘हे एका गावातल्या मुलीचं आहे असं धरू या’ म्हणून, आणि त्याच दिवशी समुपदेशक ताईंना सांगायचं. मुलगी ज्या भूमिकेत जाईल त्यातून तिला बाहेर आणल्याशिवाय सत्र संपवायचं नाही.

छोट्या गटात आठ-आठ मुली, वयाने १० ते १३ आणि १४ ते १७ असे दोन गट. एकदा सुरू झाल्यावर नवी मुलगी घ्यायची नाही. बारा सत्रं, आठवड्याला एक, प्रत्येकी ७५ मिनिटं, आणि वेळ दुपारी चारची, म्हणजे झोपण्यापर्यंत पाच तास मिळतात. जागाही बदलली: झोपायच्या हॉलऐवजी शिवणकामाची खोली. ७५ मिनिटांपैकी शेवटची २० परतीसाठी राखलेली. त्यांत मधलं काम कितीही रंगलं तरी घुसू द्यायचं नाही. घड्याळाकडे बघण्याचं काम मॅडमचं, कारण सरांना रंगलेला प्रवेश तोडणं जिवावर येई.

भूमिकेतून बाहेर येण्याच्या पायऱ्या ठरलेल्या होत्या. भूमिकेची खूण म्हणून घेतलेली ओढणी सोडायची, घडी करून पेटीत ठेवायची आणि पेटी बंद करायची. हातपाय झटकायचे. जागा बदलायची; भूमिकेत बसलो त्या जागी परत बसायचं नाही. मग प्रत्येकीने म्हणायचं, “मी कावळा नाही, मी अमुक, आज बुधवार, आज रात्री जेवायला काय आहे ते मला ठाऊक आहे.” हे शेवटचं वाक्य लहान मुलींनी वाढवलं आणि तेच सर्वांत लागू पडलं. वाईट भूमिका केलेल्या मुलीसाठी एक जादा पायरी: गट तिला तिच्या नावाने मोठ्याने हाक मारतो, दोनदा.

लिखित संमती बाल कल्याण समितीला कळवून अधीक्षिकांनी दिली. पण मुलीचा स्वतःचा होकार दर सत्राला नव्याने घेतला जाई. दारापाशी दोन वाट्या: चिंचोका एका वाटीत टाकला तर ‘करणार’, दुसरीत टाकला तर ‘बघणार’. बघणारीलाही काम असे. ती शेवटी सांगे की तिने काय पाहिलं. बाहेर जायचं असेल तर गृहमाता ओसरीवर बसलेली असे.

चिमणी-कावळ्याचं घर

मुख्य साहित्य म्हणून घेतली ती घराघरातली गोष्ट: कावळ्याचं घर शेणाचं, चिमणीचं घर मेणाचं. पाऊस आला, कावळ्याचं घर वाहून गेलं, तो चिऊताईच्या दारात आला. ब्रिटिश ड्रामाथेरपिस्ट सू जेनिंग्स यांनी नाट्याचे तीन टप्पे सांगितले आहेत: आधी शरीर, मग मनातलं वस्तूंवर सोपवणं, मग भूमिका. त्या क्रमाने पहिली तीन सत्रं फक्त पाऊस, वारा आणि घर अंगाने करण्यात गेली. सुरुवातीचा फेर भोंडल्याच्या धर्तीवर धरला, कारण तो सगळ्यांना येत होता. पुढची तीन सत्रं पुठ्ठा, माती आणि कापड यांची घरं बांधण्यात. भूमिका सातव्या सत्रापासून.

सुपरव्हिजन नसतं तर इथेच घसरलो असतो, असं मॅडमनी नोंदीत लिहिलं आहे. सातव्या सत्रात कावळा झालेल्या मुलीने जमिनीवर टकटक केली, “चिऊताई चिऊताई, दार उघड,” आणि चिमणी झालेली मुलगी गोठून बसली. गोष्ट बालवाडीतली, अंतर भरपूर, तरी रात्री दारावर पडणारी थाप ही काही मुलींसाठी गोष्ट नसते. सत्र तिथे थांबवून सगळ्यांना परतीच्या पायऱ्यांनी बाहेर आणलं.

सुपरवायझर बाईंनी गोष्ट सोडू नका म्हटलं, पण दोन बदल सुचवले. थाप काढून टाकायची. कावळा दुरून हाक मारेल. आणि दार उघडायचं की नाही हे चिमणी ठरवेल. मूळ गोष्टीत चिमणी सारख्या सबबी सांगते, ‘थांब, माझ्या बाळाला तीट लावते’, आणि लहानपणी आपण तिला कंजूष समजतो. या गटाला त्या सबबी फार आवडल्या. मुलींनी पुढची दोन सत्रं फक्त सबबी रचल्या: दुधाला उकळी आलीय, कडी गंजलीय, आई आल्याशिवाय दार उघडायचं नाही असं ठरलंय. दार बंद ठेवण्याचा हक्क असलेली चिमणी कुणालाच वाईट वाटली नाही. मग दहाव्या सत्रात एकीने स्वतःहून विचारलं, “कावळा भिजतोय त्याचं काय?” आणि कावळ्यासाठी गावाने मिळून छप्पर बांधलं. गोठून बसलेली मुलगी त्या दिवशी ‘बघणार’ वाटीत चिंचोका टाकून आली होती. छप्पर बांधताना ती उठली आणि तिने कापड धरलं.

परिणाम

दोन्ही छोट्या गटांची बारा सत्रं पूर्ण झाली. १६ पैकी १३ मुली शेवटपर्यंत राहिल्या. दोघींची घरी पाठवणी झाली, एकीने पाचव्या सत्रानंतर ‘मला नको’ म्हटलं आणि तिला कुणी आग्रह केला नाही. तेरा वर्षांच्या त्या मुलीला गटात घेतलं नाही. तिच्यासाठी मॅडमची वैयक्तिक सत्रं सुरू झाली आणि तिची झोप दीड-दोन महिन्यांत सुधारली. हे कशामुळे, सत्रांमुळे की साक्ष एकदाची संपल्यामुळे, ते सांगता येत नाही. तिने दाखवलेल्या दुसऱ्या माणसाची पोलिसांनी चौकशी केली. त्यापुढचं इथे लिहिणं योग्य नाही.

‘काका’ झालेली मुलगी मात्र सर्वांच्या लक्षात उशिरा आली. सगळं लक्ष प्रसंग करणारीकडे गेलं होतं. तिला त्या नावाने हाका मारणं बंद व्हायला महिना लागला, आणि तेही एका गृहमातेने रोज रात्री अंथरुणं घालताना सर्वांना नावानिशी हाका मारायला सुरुवात केली तेव्हा. नंतर सरांनी तिची माफी मागितली, मुलींसमोर, साध्या शब्दांत.

स्नेहसंमेलन झालं. मुलींनी पावसाची गाणी आणि एक विनोदी प्रवेश केला. कंपनीने पुढच्या वर्षी निधी निम्म्यावर आणला. फोटो नाहीत आणि आकडा ३८ वरून १६ वर आला, हे त्यांच्या अहवालात बसेना. उरलेल्या पैशांत एक गट चालतो.

पुन्हा करायचं झालं तर

प्रस्तावातला शब्द बदलण्याआधी ज्याला काम करायचं आहे त्याला विचारायला हवं होतं. सरांना कळवलं असतं तर ‘थेरपी मला येत नाही’ असं तेच म्हणाले असते, असं त्यांनी नंतर सांगितलं.

सहाव्या सत्रानंतर चार आठवडे सगळंच थांबवलं, तेव्हा मुलींना ‘काही कारणाने’ एवढंच सांगितलं. त्यांनी कारण स्वतः शोधलं आणि ते त्या तेरा वर्षांच्या मुलीपाशी नेऊन ठेवलं. ‘सरांकडून आणि आमच्याकडून एक चूक झाली, ती दुरुस्त करायला वेळ लागतोय’ हे वाक्य पहिल्याच दिवशी बोलायला हवं होतं. मोठ्यांची चूक मोठ्यांनी म्हटल्याने कुणाचा मान गेला नसता.

गट निवडताना केस फाइल पाहिली, पण गृहमातांना विचारलं नाही. दारावरच्या थापेची भीती त्यांना ठाऊक होती. रात्रीच्या फेरीत त्या कधीच दार वाजवत नाहीत, हाक मारतात. गोष्ट निवडण्याआधी त्यांच्यासोबत अर्धा तास बसणं आता ठरलेलं आहे.

सुपरव्हिजन इंग्रजीत होतं आणि सरांना त्यात बोलायला संकोच वाटे. पहिल्या तीन बैठकांत जवळजवळ मॅडमच बोलल्या. मग सरांनी आपलं म्हणणं मराठीत ध्वनिमुद्रित करून आधी पाठवायचं, मुलींची नावं न घेता, असा तोडगा निघाला. तो पहिल्या दिवसापासून असता तर सातव्या सत्राच्या आधीच कुणीतरी थापेबद्दल विचारलं असतं.

आणि करारात एक कलम राहून गेलं होतं. दुसऱ्या वर्षी मॅडमना दुसरीकडे नोकरी लागली आणि त्या पंधरा दिवसांच्या सूचनेवर गेल्या. नियमाप्रमाणे एकट्या सरांनी गट घ्यायचा नव्हता, म्हणून गट पाच आठवडे बंद राहिला. ज्या मुलींची माणसं न सांगता निघून गेली आहेत, त्यांच्या वाट्याला तेच परत आलं. आता करारात लिहिलं आहे: सोडून जायचं असेल तर किमान चार सत्रं आधी गटाला सांगायचं, नवी व्यक्ती शेवटच्या दोन सत्रांना आधीच्यांसोबत बसेल, आणि शेवटच्या सत्रात ओढण्यांची पेटी मुलींच्या हातून नव्या व्यक्तीकडे दिली जाईल.